अव्वांचे जोगुळ

२०२४ च्या जूनमध्ये भाचीकडे अमेरिकेला गेले, तेव्हा चार दिवस नॅशव्हिलला कॉलेजच्या मैत्रिणीकडे राहिले. अटलांटाची आमची तिसरी चार तास गाडी हाकत येऊन पोहोचली. बेळगावला एका बाकावर बसून आम्ही बी.ए. केले, त्याला पंचवीस वर्षे होत आली. पहिली रात्र गप्पांतच उजाडली.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचे यजमान म्हणाले, "आज गुरुवार. रायमनला ब्लूग्रास आहे, चला सगळ्या."

"नको गे," मैत्रीण म्हणाली, "इतकी वर्षं इथं आहे, एकदाही गेले नाही मी. तो बॅन्जो म्हणजे डबा वाजवल्यासारखं वाटतं." पण आम्ही दोघी पाहुण्या हट्टाला पेटलो. तिला यावेच लागले.

रायमन ऑडिटोरियम १८९२ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधलेले. बसायला अजूनही चर्चसारखी लांब लाकडी बाके. तासाभरात पाठ बोलू लागते, तरी दोन हजारांवर माणसे मावतात. डिसेंबर १९४५ मध्ये याच रंगमंचावर केंटकीच्या बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉईज' या ताफ्यात एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज बॅन्जो घेऊन उभा राहिला. तीन बोटांनी असा काही वाजवायचा की ऐकणारे थक्क झाले. त्या ताफ्यावरूनच पुढे या संगीताला नाव पडले. (स्क्रग्जचा जन्म १९२४ चा. त्याच साली आपल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले. याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पण बाकावर बसल्या बसल्या मला ते आठवलेच.)

पडदा वगैरे काही नाही. पाच जण आले आणि एकाच माइकभोवती उभे राहिले. बॅन्जो, फिडल, मॅन्डोलिन, गिटार आणि माणसाएवढा उंच बास. ना तबला, ना ढोलक. ताल बास धरतो आणि मधल्या मात्रेला मॅन्डोलिन 'छक' करून ठोका देते. ज्याची पाळी तो माइककडे सरकतो, वाजवून झाले की मागे हटतो, दुसरा पुढे येतो. कुणाचा कोपर कुणाला लागत नाही. मला नागपंचमीचा झिम्मा आठवला. आणि पाळीपाळीने गाणे म्हणजे आपले चक्री भजनच की!

यजमान कानाशी लागून माहिती देत होते. बॅन्जो मुळात आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे वाद्य. फिडलचे सूर स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्यांचे. मन्रोने लहानपणी आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाबरोबरही वाजवले आणि ते ऋण तो पुढे सांगत असे. एका घरात दोन बोली नांदल्या की काय होते, हे बेळगावच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मग 'अंकल पेन' सुरू झाले. मन्रो दहा वर्षांचा असताना आई गेली, पुढे सोळाव्या वर्षी वडील. थोरली भावंडे कामासाठी पांगलेली. पोराला मामाने, पेन व्हॅन्डिव्हरने, आपल्या खोपटात नेले. मामा गावच्या नाचांना फिडल वाजवायचा आणि भाचा गिटारीवर साथ करायचा. मामाच्या चाली पोराच्या डोक्यात बसल्या, त्या जन्मभर गेल्या नाहीत. १९५० मध्ये मन्रोने हे गाणे रेकॉर्ड केले. मामा तोवर कधीच गेला होता.

गाणे म्हणाल तर उडत्या चालीचे, लोक पाय ठेकत होते. मैत्रीण मात्र गप्प होती. मध्यंतरात ती एकदम म्हणाली, "अव्वाचं जोगुळ आठवतंय गे तुला?"

तिची आई बैलहोंगलकडची, वडील शहापूरचे. नातवंडांना झोपवताना अव्वा जोगुळ म्हणायच्या, पहिले कडवे कानडी आणि दुसरे मराठी. सासूबाईंना कळावे म्हणून त्यांनी स्वतःच जुळवले होते म्हणे. अव्वा २०१९ मध्ये गेल्या. लग्नाच्या व्हिडिओत त्या पंगत वाढताना दिसतात, पण आवाज कुठे नाही. मैत्रिणीने आपल्या मुलीला ते कधी म्हटलेच नाही. पाळणाघर, नोकरी, धावपळ. "आणि तेव्हा मला ते गावंढळ वाटायचं," असे ती स्वतःच म्हणाली.

कार्यक्रम संपल्यावर गाडीपाशी आम्ही तिघी अर्धा तास उभ्या होतो. कानडी शब्द मला आठवले, चाल तिसरीला. मराठी कडव्याची एकच ओळ सापडली. पुढे गाडी अडली ती अडलीच. यजमान बिचारे किल्ली हातात घेऊन थांबले होते.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी मी शहापुरात अव्वांच्या धाकट्या जाऊबाईंकडे गेले. ऐंशी ओलांडलेल्या. "मला कुठलं येतंय ते," म्हणाल्या आणि चहा टाकता टाकता गुणगुणू लागल्या. मी मोबाइल कट्ट्यावर ठेवला. मागे स्टोव्हचा आवाज, बाहेर भाजीवाल्याची हाळी, पण दुसरे कडवे पुरते आले. त्याच रात्री नॅशव्हिलला पाठवून दिले.

दोन दिवस काहीच उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी निरोप आला, "काकींना विचार, तिसरं कडवं होतं का गे?"