घर कोणाचे आणि आराखडा कोणाचा?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाला घेऊन घरी आला. विद्यार्थी बी.ए. होऊन उदगीरच्या एका डाळमिलमध्ये मुनीम आहे; मुलगा स्थापत्य अभियंता झाला आहे. मुलाच्या हाती एका खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक होते. विषय : शाश्वत रचना आणि नवोन्मेष. दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि शुल्काचा आकडा बापाच्या तीन वर्षांच्या पगाराहून मोठा. "सर, यात काही अर्थ आहे का?" असे त्याने विचारले. अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला या शब्दाचे दोन्ही अर्थ ऐकू आले.

मी त्याला जे सांगितले, ते कार्यकर्त्यांपुढेही ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण असे विषय म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले, असे समजून आपण ते बाजूला टाकतो. ही चूक आहे.

नावाचा भपका वगळला तर विषय साधा आहे. घर, अवजार, चूल, पाणीयोजना अशा रीतीने घडवायची, की ती वापरणाऱ्याच्या उपयोगी पडावी, मोडली तर गावातच दुरुस्त व्हावी आणि जमीन, पाणी व इंधन यांचा साठा तिने संपवू नये. हे आपल्याकडे नवे नाही. जे. सी. कुमारप्पांनी 1945 सालीच चिरस्थायी अर्थव्यवस्थेची मांडणी केली होती. 1952 साली पचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. त्याच्याही किती तरी आधी गावच्या सुताराने तिफण घडवली. पेरणारा आणि घडवणारा एकाच गावात राहत. चाड्यातून बी नीट पडले नाही, तर सुताराला दुसऱ्याच दिवशी जाब द्यावा लागे. आजच्या रचनाकाराला असा जाब कोणी विचारत नाही, आणि सारा प्रश्न तिथेच आहे.

आपल्या लातूर जिल्ह्याने या प्रश्नाची फार मोठी किंमत मोजली आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्री पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीच्या माळवदाचे ओझे यांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही मदतीला गेलो होतो. ते दृश्य आठवले की आजही बोलणे खुंटते. परंतु येथे मला सांगायचे आहे ते नंतरच्या पुनर्वसनाविषयी.

हे पुनर्वसन दोन पद्धतींनी झाले. अधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. त्यांतील घरांचे क्षेत्रफळ जमिनीच्या मालकीवरून ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतचा शेतकरी यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास 450, आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यास 750. भूकंपाने माळवद आणि झोपडी यांत भेद केला नव्हता. तो आराखड्याने केला. जुन्या गावातली विषमता कागदावर मोजून, सिमेंटमध्ये ओतून कायम करण्यात आली. सरळ रेषेत रस्ते आखले गेले, शहरातल्या वसाहतीसारखी घरे रांगेत उभी राहिली. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे ठेवायचा, बाईने चूल कुठे मांडायची, याचा विचार पुष्कळ ठिकाणी आराखड्यात नव्हता. लोकांनी मग घराच्या कडेला पत्र्याची शेड टाकून स्वतःच तो विचार केला.

दुसरी पद्धत होती जागच्या जागी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. या कार्यक्रमात दीड लाखाहून अधिक घरे होती. पैसा शासनाचा, सल्ला अभियंत्याचा. पण काम घरमालकाने स्वतः करून घ्यायचे. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रियांमधून 'संवाद सहायक' उभ्या राहिल्या. भिंतीत आडवे बांधदगड का हवेत, सिमेंट किती लागते, हप्ता कुठे अडला, हे त्या घरोघरी जाऊन सांगत आणि विचारत. यातही दोष होते, दिरंगाई होती. तथापि या पद्धतीने घराबरोबर माणसाचे ज्ञानही वाढले. भूकंप एकच, प्रकल्पही एकच. फरक एवढाच की एका ठिकाणी लोक लाभार्थी होते, दुसऱ्या ठिकाणी ते रचनेत भागीदार होते.

या धड्याचे विद्यापीठीय शिक्षणात रूपांतर होऊ शकते काय? होऊ शकते, हे अंशतः सिद्ध झाले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांनी 1974 साली 'अस्त्र' हा गट ग्रामीण तंत्रज्ञानासाठी सुरू केला. मुंबईच्या आय.आय.टी.त 1985 साली 'सितारा' हे ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र निघाले आणि 2007 पासून तेथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयात एम.टेक.चे शिक्षण सुरू झाले. तिथल्या विद्यार्थ्याला गावात जाऊन राहावे लागते. प्रश्न पुस्तकातून नव्हे, गावातून उचलावा लागतो. 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत याच आय.आय.टी.ने तयार केली. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला आणि कोणत्या पिकाने किती घेतला, याचा हा हिशेब आहे. ज्या जिल्ह्याच्या मुख्य शहराला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याला या हिशेबाचे मोल निराळे सांगायला नको. तो हिशेब मात्र आपल्याच विद्यापीठांतून मांडला जायला हवा होता. 'लातूर पॅटर्न'ने आपली मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेकड्यांनी पाठवली. त्यांतली किती परत येऊन या पाण्याच्या प्रश्नाला भिडली, हे आपण कधी विचारलेच नाही.

बाजाराच्या भरवशावर हे शिक्षण वाढणार नाही. बाजार गरज ओळखत नाही, क्रयशक्ती ओळखतो. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर वाकून विळा चालवणाऱ्या बाईला सोयीचे अवजार हवे आहे. पण ते विकत घेण्याची ऐपत तिच्यापाशी नाही, म्हणून अर्थशास्त्राच्या भाषेत तिची 'मागणी'च नाही. ज्याने लाखो रुपये भरून पदवी घेतली, तो ते फेडण्यासाठी मागणी असेल तिकडे जाणार. यात त्याचा दोष नाही. दोष शुल्कातच आहे.

यास्तव आपली मागणी स्पष्ट असावी. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 साली या भागाच्या मागासलेपणाची दखल घेऊनच स्थापन झाले. तेथे या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शासकीय खर्चाने चालावा आणि उदगीरसारख्या ठिकाणी त्याची क्षेत्रकेंद्रे असावीत. प्रवेश केवळ अभियंत्यांना नको. कृषी, अर्थशास्त्र, समाजकार्य यांचे पदवीधर हवेत आणि हाताने काम करणाऱ्या सुतार-लोहारांना मानधन देऊन शिक्षक म्हणून बोलवावे. एक संपूर्ण सत्र गावात काढावे. प्रबंध मराठीत लिहिण्याची मुभा असावी आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय पदवी मिळू नये. सार्वजनिक पैशातून झालेली रचना कोणाच्या खासगी मालकीची होऊ नये.

नोकरी कुठे मिळेल, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. 73व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना अधिकार दिले, पण त्यांना तांत्रिक माणूस दिला नाही. अनेक गावांसाठी मिळून एक अभियंता, त्याच्यापुढे मापपुस्तिकांचा ढीग, अशी आजची स्थिती आहे. पंचायत समितीत अशा पदव्युत्तरांची पदे निर्माण झाली, तरच अभ्यासक्रम टिकेल. म्हणजे हा लढा विद्यापीठाच्या दारात सुरू झाला, तरी तो संपेल जिल्हा परिषदेत.

त्या मुलाला मी म्हणालो, "विषय सोडू नकोस, माहितीपत्रक मात्र परत कर. गेट परीक्षेची तयारी कर. विद्यावेतन देणाऱ्या सरकारी संस्थेत प्रयत्न कर. पण त्याआधी किल्लारीच्या नव्या गावात चार दिवस राहून ये. कोणत्या घराला लोकांनी काय जोडले, ते मोजून आण." तो वही घेऊन गेला. परत येईल तेव्हा त्याचा पहिला पाठ पूर्ण झालेला असेल. पुढचे पाठ त्याला त्याच्याच जिल्ह्यात, बापाच्या पगारात शिकता यावेत, ही जबाबदारी त्याची नाही, आपली आहे.