चावी कोणाकडे?

शनिवारी सकाळी ठाण्याहून कल्याणकडे जाणारी स्लो लोकल पकडून बघा. चक्क विंडो सीट मिळते! समोरून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीच्या दारात माणसं लोंबकळत असतात आणि आपण मुंब्र्याचा डोंगर बघत निवांत डोंबिवलीला निघालेलो असतो. माझ्या सॅकमध्ये डबा, पाण्याची बाटली आणि जुन्या पेपरात गुंडाळलेल्या तीन पटाश्या असतात. परवा त्यातली एक बाहेर डोकावली, तर शेजारच्या काकूंनी कौतुकाने विचारलं, 'केक डेकोरेशनच्या क्लासला का गं?' मी म्हटलं, 'नाही काकू, सुतारकामाला.' त्यानंतर कोपर येईपर्यंत काकू माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

हसू नका, पण गेली दोन वर्षं माझे शनिवार असेच जातात. डोंबिवली एमआयडीसीतला एक भाड्याचा गाळा, आम्ही नऊ टाळकी आणि भरपूर भुसा. कोणी ठाण्याचं, कोणी कल्याणचं, म्हणून मध्ये पडणारी डोंबिवली. एक बँकवाला, एक सॉफ्टवेअर टेस्टर, एक आर्किटेक्ट, कल्याणच्या शाळेतली एक टीचर वगैरे वगैरे. आमच्यातल्या एकाच्याही खानदानात कोणी रंधा धरलेला नाही. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, 'अगं, शेल्फच हवंय ना? मग सुताराला बोलाव की!'

मुद्दा शेल्फचा होता, हे खरं. ते घरी करून बघितलं. बाल्कनीत ड्रिल सुरू केल्याच्या अकराव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे आजोबा आले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस. वन बीएचकेमध्ये सुतारकाम होत नाही बॉस! शिवाय महिन्यातून चार तास लागणाऱ्या मशीन एकट्याने विकत घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. मग एकच मशीन दहा जणांनी का वापरू नये? फंडा सोपा वाटतो. तो सोपा नाही, हेच आज सांगायचंय.

छत कोसळलं आणि...

आम्हाला ही आयडिया काही स्वप्नात दिसली नव्हती. मुंबईत २०१३ साली 'मेकर्स असायलम' सुरू झालं, त्याची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला पाठ आहे. वैभव छाब्रा या इंजिनिअरच्या वांद्र्यातल्या ऑफिसचं छत कोसळलं. फर्निचरची वाट लागली. त्याने मित्रांना, मित्रांच्या मित्रांना बोलावलं, की या आणि मिळून नवीन टेबलं बनवू. लोक आले, टेबलं झाली, पण लोक जाईनात! त्यातून सगळ्यांनी मिळून वापरायची वर्कशॉप उभी राहिली. पुढे ती अंधेरीला गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांनी फेस शिल्डचं सोपं डिझाइन तयार केलं आणि देशभरातल्या अशाच वर्कशॉपना सोबत घेऊन ४९ दिवसांत दहा लाख फेस शिल्ड बनवले. त्यानंतर मंडळींनी मुंबईतला पसारा आवरून गोवा गाठला.

आता दुसरी गोष्ट. कॅलिफोर्नियात २००६ साली 'टेकशॉप' सुरू झालं. जिमसारखी मेंबरशिप घ्या आणि लाकडापासून धातूपर्यंत काय हवं ते बनवा. मशीन एक से एक. अमेरिकेत दहा सेंटर्स झाली. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये एका दिवसात सगळ्यांना कुलूप लागलं! कंपनी दिवाळखोरीत गेली.

म्हणजे छत पडलेल्यांचं टिकलं आणि भारी मशीनवाल्यांचं बुडालं. भाडं, कर्ज, हिशोब ही कारणं आहेतच. पण मला यातला खरा धडा कळला तो आमच्याच गाळ्यात, आणि फार महागात.

मिस्त्रीकाका

त्याआधी मिस्त्रीकाकांची ओळख करून द्यायला हवी. वय सत्तरच्या आसपास, मूळचे सिंधुदुर्गातले, चाळीस वर्षं ठाणे जिल्ह्यात लोकांच्या घरांचं फर्निचर केलेलं. शनिवारी आम्हाला शिकवायला येतात आणि आम्ही त्यांचा दिवसाचा रोज देतो. फुकट शिकवायला ते आधी तयार होते, पण टीचरबाईंनी ठाम सांगितलं, 'काका, आमचा छंद तुमच्या घामावर नको.'

पहिला महिनाभर काकांनी आम्हाला मशीनला हात लावू दिला नाही. फक्त पटाशीला धार लावायची. मग गुण्या लावून काटकोन तपासायचा. मग एका लाकडात खाच, दुसऱ्याला कुसू, आणि खिळा न मारता दोन्ही घट्ट बसवायची. माझा पहिला सांधा इतका ढिला होता की काका म्हणाले, 'यातून डोंबिवली फास्ट जाईल!'

एकदा चहा पिताना ते हसायला लागले. म्हणाले, 'आम्ही पोरांना शिकवून यातून बाहेर काढलं आणि तुम्ही पैसे भरून आत येताय!' आम्ही पण हसलो. पण ट्रेनमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. त्यांचा मुलगा एका मॉलमध्ये सुपरवायझर आहे. काकांची हत्यारं घरी कोणी वापरणार नाही.

आपल्याकडे हा वारसा काही छोटा नाही हो. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीच्या काठावर मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. म्हणजे आपण रोज ज्या कल्याणहून लोकल पकडतो, तिथे कधीकाळी सुतारांची ठोकठाक चालायची. आज त्याच पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला कपाटाचा बिजागर सैल झाला तरी ॲप उघडावं लागतं!

रात्री साडेदहाचा फोन

तर, धडा. आमच्या ग्रुपची सेक्रेटरी मी. कारण फ्रीलान्सर, म्हणजे रिकामटेकडी, असं सर्वानुमते ठरलं होतं. भाडं गोळा करणं, लाइट बिल, पात्यांना धार, सगळं माझ्याकडे. आणि गाळ्याची चावीही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधीची गोष्ट. बँकवाल्याला घरच्या गणपतीचं मखर करायचं होतं. शनिवार पुरेना. त्याने बुधवारी चावी मागितली. नियम होता की एकट्याने मशीन चालवायचं नाही. पण तो आमच्यातला सगळ्यात व्यवस्थित माणूस, हिशोब पैशापैशाचा. मी म्हटलं, 'घे रे, त्यात काय!'

रात्री साडेदहाला त्याचा फोन. आवाज एकदम शांत. 'अगं, उद्या चावी द्यायला बहुतेक जमणार नाही.'

प्लायची अरुंद पट्टी कापताना त्याने टेबल सॉवरचं गार्ड काढलं होतं. टेबलातून वर आलेल्या गोल पात्याकडे लाकूड ढकलायला काठी वापरायची असते, तीही घेतली नव्हती. पट्टी पात्यात अडकून उलटी उडाली आणि हात पुढे गेला. डाव्या हाताच्या तर्जनीला सात टाके. हाताला रुमाल गुंडाळून तो एकटाच एमआयडीसीच्या रस्त्यावर रिक्षा शोधत उभा होता. बोट वाचलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झालं असतं तर...

त्या रात्री मला झोप लागली नाही. चूक त्याची, हे सगळे म्हणत होते, तोसुद्धा. पण चावी मीच दिली होती ना!

सही की जबाबदारी?

रविवारी मीटिंग. एक जण म्हणाला, सरळ फॉर्म छापू, 'माझ्या जबाबदारीवर मशीन वापरतोय', खाली सही. झालं, सुटलो! दुसरा म्हणाला, मशीनच विकून टाकू. डोंबिवली एमआयडीसीने मे २०१६ आणि मे २०२४ असे दोन भयानक स्फोट बघितलेत, त्यामुळे गाळ्याचा मालक आधीच धास्तावलेला. त्याला कळलं तर संपलंच. आवाज चढले. एक मेंबर उठून गेला, तो परत आला नाही.

काका कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, 'आमच्या कारखान्यात शेठ होता. मशीन बिघडलं, गार्ड निघालं, तर शिव्या त्याला. इथे शेठ कोण?'

कोणीच काही बोललं नाही. कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. गाळा सगळ्यांचा होता, म्हणजे कोणाचाच नव्हता. गार्डचा स्क्रू पंधरा दिवस सैल होता, हे तिघांनी बघितलं होतं. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी आवळेल. भुसा कोण झाडतं? जो शेवटी निघतो तो, म्हणजे कोणीच नाही. आम्ही मिळून फक्त भाडं भरत होतो.

फॉर्म छापला नाही. त्याऐवजी टेस्टरबाईने एक साधी युक्ती काढली. आता शटरची चावी एकाकडे असते आणि मशीनच्या मेन स्विचला लावलेल्या कुलपाची दुसऱ्याकडे. दोघं आल्याशिवाय पातं फिरतच नाही. दर महिन्याला दोन्ही चाव्या पुढच्या दोघांकडे जातात. ज्यांच्याकडे चावी, तेच त्या महिन्याचे शेठ. स्क्रू तेच आवळणार आणि झाडूही तेच मारणार.

कटकट आहे का? प्रचंड! गेल्या महिन्यात माझा जोडीदार मीटिंगमध्ये अडकला आणि मी अडीच तास हाताने रंधा मारत बसले. पण एक गंमत झाली. जोडीने काम करायला लागल्यापासून माणसं बोलायला लागली. आर्किटेक्टच्या बाबांचं आजारपण मला पॉलिश पेपर घासता घासता कळलं. तोपर्यंत वर्षभर आम्ही फक्त 'तो क्लॅम्प दे' एवढंच बोलत होतो. ऑस्ट्रेलियात रिटायर्ड पुरुषांसाठी गावोगावी 'मेन्स शेड' नावाच्या अशाच वर्कशॉप आहेत, २००७ पासून त्यांची देशपातळीवरची संघटनाही आहे. तिथला विचार हाच, की समोरासमोर बसवलं तर पुरुष गप्प राहतात, शेजारी उभं राहून काहीतरी ठोकायला दिलं की मन मोकळं करतात. मी म्हणेन, बायकाही!

खंडेनवमीला हत्यारांची पूजा केली. टीचरबाईंनी झेंडू आणला होता. काकांनी एक पटाशी उचलली, अंगठा हलकेच फिरवला आणि परत ठेवली. 'बोथट आहे. आधी धार लावा, मग फुलं वाहा.' मग काय, सगळे दीड तास धार लावत बसलो. बँकवाला पण. त्याची तर्जनी अजून पूर्ण वाकत नाही. पूजा झाल्यावर तो स्वतःहून म्हणाला, 'पुढच्या महिन्याची मेन स्विचची चावी माझ्याकडे द्या.'

दिली. यावेळी सगळ्यांना विचारून!

तुम्हालाही गाळा काढायचाय?

• पॅकिंगच्या खोक्यांचं पाइन स्वस्त मिळतं. परदेशी पॅलेटवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेलं, ते चालेल. 'एमबी' म्हणजे विषारी वायू दिलेलं, घरात आणू नका.

• लाकडाची बारीक धूळ गंमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ती कॅन्सरकारक ठरवली आहे. एमडीएफ कापताना तर चांगला मास्क हवाच. रुमाल चालत नाही.

• फिरत्या पात्याजवळ हातमोजे, ओढणी, मोकळे केस, सैल बाह्या नकोत.

• जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा गोळा करून टाकू नका. तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

• पावसाळ्यात लाकूड फुगतं. जुलैत घट्ट बसणारा ड्रॉवर मेमध्ये बरोबर बसेल, लगेच तासायला घेऊ नका.

• संस्था रजिस्टर करायची असेल तर किमान सात सभासद लागतात. त्याआधी मात्र एकच प्रश्न सोडवा. चावी कोणाकडे?