प्रशिक्षणाची रुजुवात

1959 साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर म्हणून जाहीर झाली, ग्रामगौरवाचे समारंभ थाटाने पार पडले, आणि तरीही पुढे वाचनाचा सराव टिकेल अशी तजवीज अपुरी पडल्यामुळे त्यांतील पुष्कळ नवसाक्षर काही काळातच पुन्हा अक्षरांना पारखे झाले. त्या मोहिमेमागची कळकळ खरी होती. उणी पडली ती समारंभानंतरची विचारपूस. कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण वंचितांच्या दारी नेण्याची जी लगबग आज चालली आहे, ती पाहताना हा इतिहास विसरणे मला अपराध वाटतो.

मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने सुमारे 10,372 कोटी रुपयांच्या इंडिया-एआय अभियानास मंजुरी दिली. पुढच्या वर्षी एक कोटी नागरिकांसाठी साडेचार तासांचा विनामूल्य अभ्यासक्रमही आला. 2024 च्याच मार्चअखेर प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाची मुदत संपली होती. 6 कोटींचे उद्दिष्ट, 6.39 कोटी प्रशिक्षित, सुमारे पावणेपाच कोटी प्रमाणपत्रधारक, असा त्याचा ताळेबंद आहे. परंतु त्यांपैकी किती जणांनी वर्षभरानंतर आपले एखादे काम परावलंबनावाचून मोबाइलवर उरकले, हे या आकड्यांवरून उमगत नाही. शिकणाऱ्याचे समाधान, त्याचे ज्ञान, आचरणातील फरक आणि अंतिम फलप्राप्ती अशा मूल्यमापनाच्या चार पायऱ्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 सालीच मांडल्या होत्या. आपली दफ्तरे हजेरीपट आणि दाखला यांपुढे क्वचितच जातात.

संगणकाच्या शिक्षणात हे एक वेळ खपले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बाबतीत ते खपणार नाही, कारण हे यंत्र चुकीचे उत्तरही अस्खलित मराठीत आणि तितक्याच ठामपणे देते. म्हणून परीक्षा घ्यायची ती अशी, की बचत गटातील प्रशिक्षित भगिनीपुढे मुद्दाम एक सदोष उत्तर ठेवावे: सत्तर वर्षांच्या निराधार सासूबाईंसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. ती योजना 65 वर्षांखालील निराधारांची आहे. त्यावरील वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. हा भेद तिला पाठ असावा अशी अपेक्षा नाही. परंतु उत्तर वाचून ती क्षणभर थबकते का, वयाची अट पुन्हा विचारते का, आणि तहसील कचेरीच्या संजय गांधी शाखेत किंवा तलाठ्याकडे खातरजमा केल्यावाचून कागदपत्रे जमवायला धावत नाही ना, हे पाहावे. तिची एक खेप चुकली की दिवसाची मजुरी बुडते. कापसावरच्या औषधाबाबत यंत्राचे उत्तर चुकले तर काय ओढवू शकते, ते 2017 साली विषबाधेचे बळी पाहिलेल्या यवतमाळला सांगावे लागत नाही.

अशी परीक्षा अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचे 2023 चे सर्वेक्षण पाहावे. 14 ते 18 वयाच्या मुलामुलींच्या घरी जाऊन, त्यांना मोबाइल आणायला सांगून, गजर लावा, माहिती शोधा, नकाशावरून प्रवासाचा वेळ काढा, अशी प्रत्यक्ष कामे तो आणू शकणाऱ्यांकडून करवून घेतली गेली. त्यातून दोन गोष्टी उघड झाल्या: सुमारे चतुर्थांश मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या भाषेत सुरळीत वाचता येत नव्हता, आणि मोबाइल वापरू शकणाऱ्यांत स्वतःचा मोबाइल असलेल्या मुलग्यांचे प्रमाण मुलींच्या दुपटीहून अधिक होते. ज्या वर्गात लेखी प्रश्नपत्रिका वाटली जाते आणि घरी परतल्यावर मोबाइल भावाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो, त्या वर्गाच्या निकालावर विसंबून अनुदान देणे हा सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहेच, पण त्याहून अधिक, शिकायला आलेल्या स्त्रीच्या आशेची ती उपेक्षा आहे. मेळघाटातील कोरकू किंवा भामरागडातील माडिया बोलणाऱ्यांची चाचणी तर तोंडी आणि त्यांच्याच बोलीत झाली पाहिजे. यंत्राला ती बोली कळत नसेल, तर तो दोष शिकणाऱ्याच्या माथी मारता कामा नये.

खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. तो मान्य करूनही माझी मागणी कायम आहे: प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेच्या अनुदानाचा अखेरचा हप्ता सहा महिने राखून ठेवावा, मुदत भरल्यावर त्या संस्थेशी संबंध नसलेल्या परीक्षकांनी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरी जाऊन वरीलप्रमाणे चाचणी घ्यावी, आणि तिचा निकाल शिकणाऱ्यांची नावे वगळून, कमी भरला तरीही, गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावा.