म्हणे, आवडता लेखक पुन्हा वाचू नये!

"आवडता लेखक चाळिशीत पुन्हा वाचू नये रे, उगाच भ्रमनिरास होतो." परवा ऑफिसात चहाच्या वेळी कुणीतरी हे वाक्य टाकलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नाही पटलं. का, ते सांगतो.

कॉलेजात गोनीदांनी आम्हाला अक्षरशः वेड लावलं होतं. पाठीवर सॅक, सॅकमध्ये 'जैत रे जैत' आणि समोर कर्नाळ्याचा सुळका! नाग्या ठाकर, चिंधी, राणीमाशी, सगळं तोंडपाठ. गेल्या महिन्यात डहाणूला जाताना लोकलमध्ये तेच पुस्तक पुन्हा काढलं. भाषेची नशा अजून तशीच चढते. मग खटकलं काय? मी स्वतः. त्या एका कादंबरीच्या जोरावर मी अख्खे आदिवासी 'समजून' बसलो होतो. भोळे, गाणारे, मधासाठी कडे चढणारे. ठाकर काय नि वारली काय, माझ्या लेखी सगळे नाग्याच.

डहाणूहून पुढे तलासरी. नाग्याचं वैर राणीमाशीशी. इथल्या वारल्यांचं जमीनदार-सावकाराशी. लग्नासाठी कर्ज काढायचं आणि ते फेडत जन्मभर मालकाकडे राबायचं, त्याला नाव 'लग्नगडी'. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठबिगार करायची नाही असं ठरवून उठले. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मेले. त्यातलाच एक जेठ्या गांगड.

गोदावरी परुळेकरांनी हा लढा 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहिलाय. पुस्तक १९७० चं, साहित्य अकादमी पुरस्कार १९७२ चा. म्हणजे काही दडवलेलं नव्हतं. मीच एक पुस्तक वाचून थांबलो. त्यात गोनीदांचा काय दोष? त्यांनी एका ठाकराची गोष्ट सांगितली, तिची जनगणना मी केली! आमच्या भाषेत सांगायचं तर बग कोडमध्ये नव्हता, युजरमध्ये होता.

म्हणून म्हणतो, 'आता तो बाळबोध वाटतो' असं म्हणून लेखकाला मोडीत काढणं सोपं आहे. विशीतला आपला आळस मात्र त्यात अलगद सुटून जातो. डेस्कवर वारली चित्राचा मग ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर जुनं पुस्तक जरूर पुन्हा वाचावं. आणि त्याच्या शेजारचं, तेव्हा न उचललेलं, पहिल्यांदा.

असो. चहा गार झाला.