गृहिणीची रजा

भोकरदन तालुक्यातील पूर्णाकाठच्या केदारखेडा गावाहून एका वाचकभगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. पत्र चार पानी आहे. पण त्यातील प्रश्न एका ओळीत मावेल एवढाच. बाईंचे यजमान शिक्षक आहेत. गतवर्षी त्यांची अंतर्गळाची, ज्यास हल्ली सर्वत्र हर्निया म्हणतात त्याची, शस्त्रक्रिया झाली. त्यांनी अर्ज लिहिला, वैद्यकीय दाखला जोडला, रजा मंजूर झाली, आणि पंधरा दिवस ते निश्चिंतपणे वर्तमानपत्र वाचीत घरी राहिले. आता दुसऱ्या अपत्यानंतर बाईंची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करावयाचे घरात ठरत आहे. सासूबाई थकलेल्या, मुले लहान, नळास पाणी चार दिवसांआड. त्या विचारतात, "यांनी आपला अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला, मी माझा कोणाकडे द्यावा?"

प्रश्न हसत विचारलेला दिसतो. पण पत्राच्या अखेरीस त्यांनी जी हकीकत लिहिली आहे ती हसण्याजोगी नाही. त्यांच्या जाऊबाईंची हीच शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. दुसऱ्या दिवशी त्या घरी आल्या, तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा हंडा उचलला. पुढे व्रण चिघळला, ताप भरला, पुन्हा दवाखान्याच्या खेपा झाल्या. आणि जे काम पंधरवड्याच्या विश्रांतीने भागले असते त्यास दोन महिने लागले. घरातील कोणीही त्यांना 'पाणी आणा' म्हटले नव्हते. 'आणू नका' असेही कोणी म्हटले नव्हते. आमच्या मते सारा दोष या दुसऱ्या वाक्यात आहे.

नोकरी करणाऱ्या मनुष्यास आजारपणी वेळ लागतो, हे सरकारने केव्हाच मान्य केले आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 यांन्वये शासकीय सेवकास वर्षाकाठी 20 दिवसांची अर्धवेतनी रजा मिळते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून घेतली, तर दिवस निम्मे होतात, पण वेतन पूर्ण मिळते. कारखान्यांतील कामगारांसाठी 1948 साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. त्या योजनेत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी विमाधारक पुरुषास 7 दिवस आणि स्त्रीस 14 दिवस पूर्ण वेतनाइतका लाभ मिळतो. हा 14 चा आकडा आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावा. कारखान्यात राबणाऱ्या स्त्रीच्या देहास जर चौदा दिवस लागतात, तर स्वयंपाकघरात राबणाऱ्या स्त्रीचा देह काही निराळ्या मातीचा नाही.

सरकारी आरोग्य खात्याची सूचनाही याच्याशी जुळते. स्त्रीने शस्त्रक्रियेनंतर 48 तास विश्रांती घ्यावी, त्यानंतर केवळ हलके काम करावे, आणि हळूहळू वाढवीत दोन आठवड्यांच्या अखेरीस नेहमीच्या कामावर यावे, असे ती सांगते. दुर्बिणीच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेचा व्रण बोटाच्या पेराएवढाही नसतो. त्यामुळे व्रण लहान म्हणून विश्रांतीही लहान, असा समज घरोघर होऊन बसला आहे. वरची त्वचा आठवडाभरात मिटते हे खरे. पण तिच्याखालील थरांस पूर्वीचे बळ येण्यास कित्येक आठवडे लागतात. तोवर भार कशाचा हे पाहिले पाहिजे. पंधरा लिटरांचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. भांड्याचे वजन निराळेच. घरगुती गॅसच्या टाकीत 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीसुद्धा वजन तीस किलोंच्या घरात जाते. कडेवरचे दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोंचे. ज्यास आपण 'घरातले किरकोळ काम' म्हणतो ते असे किरकोळ आहे!

आमच्या वाडवडिलांच्या काळी स्त्रीस रजा मुळीच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना होता, दर महिन्याचे चार दिवस होते. त्या दिवसांत तिने चुलीजवळ जाऊ नये, पाण्यास शिवू नये, असा दंडक होता. परंतु ती सुटी विश्रांतीच्या नावाने नव्हती, विटाळाच्या नावाने होती. सुशिक्षित घरांनी विटाळ टाकला, हे योग्यच झाले. मात्र त्याच्या पाठीला पाठ लावून आलेली विश्रांतीही आपण त्याच गाठोड्यात बांधून बाहेर टाकली. आता ती परत आणावयाची तर तिच्या स्वतःच्या नावाने आणली पाहिजे.

दिवस कोणते धरावे, हाही प्रश्न पत्रात आहे. प्रसूतीनंतर सात दिवसांच्या आत ही शस्त्रक्रिया होते, तेव्हा तिची विश्रांती सव्वा महिन्यातच सामावते. ज्यांस तो योग साधेल त्यांनी तो अवश्य साधावा. एरवी पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत ती करतात. म्हणून पंचांग पाहून एकच तारीख धरून बसण्यात अर्थ नाही. महिना ठरवावा आणि दिवस डॉक्टरांवर सोपवावा. महिना ठरविताना मराठवाड्यातील घराने मृगाची पेरणी, दिवाळीपुढची कापसाची वेचणी आणि शिमग्याच्या सुमाराची रब्बीची काढणी, हे तीन काळ वर्ज्य करावे. मुलांच्या सुटीमुळे वैशाख सोयीचा वाटतो. परंतु ज्या गावी उन्हाळ्यात पाणी दुरून आणावे लागते, तेथे पाण्याची व्यवस्था आधी आणि शस्त्रक्रिया मागाहून, हाच क्रम ठेवावा.

आणखी एक गोष्ट भेटीस येणाऱ्यांविषयी. गांधीजींची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी केली. 5 फेब्रुवारीस सरकारने त्यांची बिनशर्त सुटका केली, आणि पुढे ते विश्रांतीसाठी जुहूच्या समुद्रकाठी जाऊन राहिले. तेथेही दर्शनास येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा लोकांनी येऊ नये अशी विनंती त्यांना करावी लागली. ज्यांच्या दारी चहा ठेवावयास दहा माणसे होती त्यांची ही गोष्ट! आपल्या घरी तर समाचारास आलेल्यांसाठी पोहे परतावयास दुखणाईतच उठते. समाचारास जाणाऱ्या भगिनींनी डबा घेऊन जावे, दहा मिनिटे बसावे आणि जाताना पाण्याची एक खेप घालून जावे.

आता यजमानांस दोन शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी 49.1 टक्के स्त्रियांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली होती; पुरुषांच्या शस्त्रक्रियेचा आधार 0.4 टक्के जोडप्यांसच होता. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी. पोट उघडावे लागत नाही. बिनटाक्याच्या पद्धतीत, जी चीनमध्ये 1974 साली निघाली, टाकाही घालावा लागत नाही. पुरुष 48 तासांनी नेहमीच्या कामास लागू शकतो, सायकल मात्र आठवडाभर टाळावी. तिचा उपयोग पहिले तीन महिने धरता येत नाही आणि पुढे तपासणी करावी लागते, एवढे पथ्य आहे. शासकीय सेवकास यासाठी विशेष नैमित्तिक रजाही मिळते. ज्याची शस्त्रक्रिया लहान आणि रजा मंजूर, त्याने मागे राहावे, आणि जिची शस्त्रक्रिया मोठी आणि रजा नाही, तिने पुढे व्हावे, हा न्याय कोणता? निर्णय पतिपत्नींनी करावा; पण दोन्ही बाजू पाहून करावा.

तरीही बाईंचीच शस्त्रक्रिया ठरली, तर आमचे उत्तर असे आहे. त्यांनी खरोखरच एक अर्ज लिहावा. चौदा दिवस मांडून प्रत्येक दिवसापुढे पाणी कोण भरणार, पोळ्या कोण करणार, मुलांस शाळेत कोण पोचविणार, हे नावानिशी लिहावे. माहेराहून आई किंवा बहीण येणार असेल तर तिचे नाव पहिल्या आठवड्यात घालावे, शेवटच्या नव्हे. ताप आला, दुखणे कमी न होता वाढले किंवा व्रणातून पू आला, तर कोणत्या दवाखान्यात जावयाचे आणि वाहन कोणाचे, तेही लिहावे. मग त्याखाली यजमानांची सही घ्यावी आणि तो कागद दिनदर्शिकेशेजारी लावावा.

गतवर्षी यजमानांनी आपला अर्ज मुख्याध्यापकांपुढे ठेवला होता. तो मंजूर होईपर्यंत त्यांनाही थोडी धाकधूक वाटली असेलच. तेव्हा या अर्जावर सही करण्यास ते फार वेळ लावणार नाहीत, अशी आम्हांस आशा आहे. बाईंनी आम्हांस पुन्हा पत्र लिहावे. परंतु चौदा दिवस पुरे झाल्यावर.