मारामारोशचा इतिहास एका राष्ट्राचा नव्हे

पहिल्या महायुद्धाअखेरीस हंगेरीचे प्राचीन राज्य भंगले आणि ४ जून १९२० रोजी त्रिआनाँ येथे झालेल्या तहाने त्याच्या परगण्यांची वाटणी झाली, तेव्हा ईशान्येस कार्पाथियन पर्वतराजीत वसलेला, मिठाच्या खाणी व निबिड अरण्ये यांवर निर्वाह करणारा मारामारोश हा विस्तीर्ण परगणा तिसा नदीने दुभंगला; उत्तर तीर, जे आज युक्रेनमध्ये आहे, चेकोस्लोव्हाकियाच्या अमलाखाली गेले, आणि दक्षिण तीर, परगण्याचे ठाणे जे सिगेत त्यासह, रुमानियाकडे आले. स्लातिनाच्या मिठाच्या खाणी एका तीरावर, तर परगण्याची कचेरी दुसऱ्या तीरावर राहिली. सिगेतला जोडणारा लोहमार्गही उत्तर तीरावरूनच जात असल्यामुळे, आपल्याच देशातील या शहरी जाण्यासाठी रुमानियाच्या आगगाड्यांना परमुलखातून वाट काढावी लागे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सालवा–विशेउ हा नवा मार्ग पुरा होईपर्यंत ही विपत्ती टळली नाही.

या परगण्याचा इतिहास आज ज्या रीतीने सांगितला जातो ती रीत मला मान्य नाही. युक्रेनियन लेखक त्यात रुथेनियन या स्लाव्ह लोकांची, रुमानियन लेखक आपल्या व्होइवोदांची, म्हणजे सरदारांची, आणि हंगेरियन लेखक हरवलेल्या राज्याची कथा शोधतात. परंतु १९१० च्या खानेसुमारीत येथे सुमारे १ लक्ष ५९ हजार रुथेनियन, ८४ हजार रुमानियन, ५९ हजार जर्मन आणि ५३ हजार हंगेरियन भाषिक नोंदले गेले, ते एकाच परगण्याची रयत होते. त्यांतील ‘जर्मन’ या सदराकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. यिद्दिशला स्वतंत्र भाषा म्हणून सरकारदप्तरी स्थान नसल्याने ती बोलणारे यहुदी बहुतांशी त्याच सदरात घातले गेले, आणि धर्माने यहुदी असलेल्या सुमारे ६५ हजार माणसांचे स्वत्व भाषेच्या तक्त्यातून लुप्त झाले.

पुढे १९४० मध्ये सिगेत पुन्हा हंगेरीच्या ताब्यात गेले, आणि मे १९४४ मध्ये हंगेरियन शिपायांच्या देखरेखीखाली तेथील यहुद्यांना आगगाड्यांत कोंबून आउश्वित्झला धाडण्यात आले. त्यांत १९२८ साली याच गावी जन्मलेले, पुढे शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले एली विझेल हे होते. त्यांना कोणत्या राष्ट्राच्या खात्यात घालावे? जन्म रुमानियात, मातृभाषा यिद्दिश, हद्दपारी हंगेरीच्या हुकमाने. आणि ज्या समाजाने त्यांना घडविले तो तर समूळ उच्छेदिला गेला.

सिगेतच्या तुरुंगाची कथाही एका राष्ट्राची नव्हे; तो हंगेरियन अमदानीत, १८९७ मध्ये, बांधला गेला. त्याच इमारतीत रुमानियाच्या साम्यवादी राजवटीने देशाच्या माजी मंत्र्यांना आणि धर्माधिकाऱ्यांना डांबले. ऐन उमेदीत हंगेरीच्या संसदेत रुमानियनांची बाजू मांडणारे आणि पुढे रुमानियाचे पंतप्रधान झालेले यूलिउ मानिउ १९५३ मध्ये तेथेच मरण पावले. आज तेथे स्मारक-संग्रहालय आहे, ही इष्ट गोष्ट होय.

बुखारेस्ट, कीव्ह व बुडापेस्ट येथील इतिहासकारांनी यिद्दिश जाणणाऱ्या अभ्यासकांना सोबत घेऊन मारामारोशचा एकच सामायिक इतिहास सिद्ध करावा आणि तो तिसेच्या दोन्ही तीरांवरील शाळांत शिकवला जावा. तोवर एकेका राष्ट्राने लिहिलेली या परगण्याची बखर वाचकांनी अपुरी समजूनच हाती धरावी.