काळीवरचा शोषखड्डा

जुन्या मराठीत शेत म्हणजे ‘काळी’, गावठाण म्हणजे ‘पांढरी’. पांढरीही निर्दोष नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात सास्तूरला दगडमातीच्या जड भिंतींनीच माणसे गाडली. पुढे सिमेंट आले, पण काळीचा स्वभाव बदलला नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, उथळ पाया तडकवते. वांगी-मिरचीला उत्तम, शोषखड्ड्याला मात्र वैरीण, कारण पाणी जिरूच देत नाही. स्वच्छ भारत अभियानाने शौचालयासाठी घरटी १२,००० रुपये ठरवले, मुरमावर तेवढेच आणि काळीवरही तेवढेच! मोठा खड्डा, भोवती वाळूचा थर, हा जादा खर्च धाराशिवच्या शेतमजुराने कोठून आणावा? ही समता नव्हे. जमिनीचा प्रकार पाहूनच अनुदान ठरावे, असा ठराव कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांतून करून घ्यावा.